सैन्य, संसद आणि माजी सैनिक: कोल्हापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंदगड-गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंतचे माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांची मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांत घोटाळा एकच असतो: दार चुकलेलं असतं. रेकॉर्ड ऑफिसात (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात) सुटणारं काम घेऊन माणूस खासदारांच्या घरी जातो, आणि जो विषय खरोखर संसदेत जायला हवा तो जिल्हा कार्यालयाच्या आवक नोंदवहीत पडून राहतो. म्हणून आधी दारं कोणती ते सांगितलं आहे. पेन्शनचे बारकावे प्रश्न ९ पासून पुढे आहेत.

१. सैन्याचे सर्वोच्च सेनापती राष्ट्रपती, मग संसदेचा संबंध येतो कुठे?

घटनेच्या कलम ५३(२) मध्ये सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलं आहे, पण त्याचा वापर कायद्यानं ठरवायचा अशी अटही तिथेच घातली आहे. कायदा करणार संसद. लष्कर आणि हवाई दलाचे १९५० चे कायदे, नौदलाचा १९५७ चा कायदा, अगदी अलीकडे तिन्ही दलांच्या संयुक्त संस्थांमधल्या शिस्तीचा २०२३ चा कायदा, हे सगळे संसदेतून आले. सैनिकाच्या मूलभूत हक्कांवर किती मर्यादा घालायची, हेही कलम ३३ प्रमाणे संसदच ठरवते.

दुसरी दोरी पैशाची. संरक्षण मंत्रालयाच्या अनुदान मागण्या चार असतात: मंत्रालयाचा नागरी खर्च, सेनादलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि चौथी फक्त पेन्शनची. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६,८१,२१० कोटी रुपये होते. त्यातले १,६०,७९५ कोटी पेन्शनचे. लोकसभेनं मंजुरी दिल्याशिवाय यातला रुपया खर्च होत नाही. खरं सांगायचं तर सभागृहात या मागण्यांवर फार कमी चर्चा होते. अनेकदा शेवटच्या दिवशी सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या एकदम मतदानाला टाकून मंजूर केल्या जातात. बारकाईची तपासणी होते ती समितीत (प्रश्न ३).

२. युद्ध करायचं तर संसदेची परवानगी लागते का?

घटनेत तशी अट नाही. निर्णय मंत्रिमंडळाचा. युद्धाच्या कारणानं कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर केली, तर मात्र ती घोषणा महिन्याभरात दोन्ही सभागृहांनी मंजूर करावी लागते, नाहीतर आपोआप संपते.

३. संरक्षण विषयक स्थायी समिती म्हणजे नेमकं काय? ती काय बघते?

ही ३१ खासदारांची समिती: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. मंत्री सदस्य होऊ शकत नाही आणि मुदत एक वर्षाची असते. कामं चार: अनुदान मागण्या तपासणं, पाठवलेली विधेयकं बघणं, मंत्रालयाचा वार्षिक अहवाल तपासणं आणि दीर्घकालीन धोरणांवर मत देणं. माजी सैनिक कल्याण विभाग (स्थापना २००४) संरक्षण मंत्रालयातच येतो, त्यामुळे पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), पुनर्वसन हे सगळं या समितीपुढे येतं.

नियमातली एक ओळ लक्षात ठेवा: रोजच्या कारभारात समिती लक्ष घालत नाही. 'माझा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) चुकलाय' हा रोजचा कारभार झाला. 'पीपीओ दुरुस्तीला मुदतच ठरवलेली नाही' हा धोरणाचा विषय झाला. समितीकडे जायचं तर दुसऱ्या वाक्यानं जायचं.

'सल्लागार समिती' नावाची आणखी एक समिती असते. तिचे अध्यक्ष स्वतः मंत्री असतात आणि ती अहवाल देत नाही. तपासणी करणारी ती नव्हे. बातम्यांत या दोन समित्यांची गल्लत नेहमी होते.

४. समितीनं शिफारस केली म्हणजे आमचं काम झालं ना?

नाही. शिफारस बंधनकारक नसते. सरकारला तीन महिन्यांत काय कारवाई केली ते कळवावं लागतं. शिफारस मान्य नसेल तर कारण द्यावं लागतं. त्यानंतर समिती कारवाई अहवाल काढते, आणि अंमलबजावणी कुठवर आली याचं निवेदन मंत्र्यांनी सभागृहात करायचं असतं.

अग्निवीरांचंच, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या जवानांचंच बघा. कर्तव्यावर मृत्यू झालेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबासारखी पेन्शन द्यावी, असं संरक्षण समितीनं १७व्या लोकसभेत सुचवलं. लगेच मोबाइलवर 'पेन्शन मंजूर' असे संदेश फिरले. शिफारस आणि शासन आदेश यांत अख्खा डोंगर असतो. संदेशात आदेशाचा क्रमांक आणि तारीख नसेल तर पुढे पाठवू नका.

५. माझं पेन्शनचं प्रकरण खासदारांकडे द्यावं की नको?

द्या, पण पहिल्या पायरीला नको. क्रम असा ठेवा:

आधी स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर तक्रार किंवा रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. चुकीच्या रेकॉर्ड ऑफिसला गेलेला अर्ज परत येईलच याची खात्री नाही. मग केंद्राचं तक्रार निवारण पोर्टल, म्हणजे सीपीग्राम्स. तिथे नोंदणी क्रमांक मिळतो आणि निवारणाची मुदत २१ दिवसांची आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथेच अपील करा. याबरोबरीनं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवा. ते कार्यालय राज्य शासनाचं आहे, पेन्शन ठरवत नाही, पण कुठला कागद कमी आहे हे तिथे बहुतेक वेळा पहिल्या भेटीतच कळतं.

एवढं करून काम अडलं तर खासदार. त्यांचं पत्र मंत्र्यांकडे जातं, तिथून विभागाकडे, आणि फिरून त्याच रेकॉर्ड ऑफिसात किंवा प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात पोहोचतं. पत्रानं फाइल वर येते. फाइलमध्ये नसलेला कागद त्यानं तयार होत नाही.

६. आमचे खासदार नेमके कोण? आणि आमदारांना सांगून चालेल का?

चंदगड, राधानगरी, कागल, करवीर, कोल्हापूर उत्तर आणि दक्षिण हे विधानसभा मतदारसंघ कोल्हापूर लोकसभेत येतात. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ हे हातकणंगले लोकसभेत. म्हणजे सैनिक टाकळीच्या माणसानं हातकणंगलेच्या खासदारांकडे जायचं. पन्हाळा तालुका दोन्हीकडे वाटला गेला आहे, तिथे मतदारयादी बघूनच ठरवा. राज्यसभेवर महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत. त्यांच्यातल्या कुणालाही लिहिता येतं, त्याला मतदारसंघाची अडचण नाही.

आमदारांकडे जायचं ते राज्याच्या विषयांसाठी. संरक्षण केंद्राच्या सूचीत असल्यानं पेन्शनवर विधानसभेत प्रश्न चालत नाही. पण राज्याचा सैनिक कल्याण विभाग, राज्याच्या नोकऱ्यांतलं माजी सैनिकांचं १५ टक्के आरक्षण, एका राहत्या घराची घरपट्टीमाफी हे सगळं राज्याकडे आहे. घरपट्टीसाठी तर आमदारही लांबच राहिले, आधी ग्रामसेवक किंवा नगरपालिकेचा कर विभाग.

७. खासदारांना द्यायच्या पत्रात काय लिहायचं?

एक पान. वर आर्मी नंबर, रँक, डिस्चार्ज बुकात आहे तसंच नाव, शेवटचं युनिट, रेकॉर्ड ऑफिस, निवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक. पहिल्याच वाक्यात मागणी: 'माझी अर्हताकारी सेवा १७ वर्षे असताना पीपीओत १५ वर्षे नोंदली आहे, ती दुरुस्त व्हावी.' (अर्हताकारी सेवा म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवा.) मग आजवर कुठे अर्ज केले त्यांच्या तारखा आणि क्रमांक. सोबत पीपीओची प्रत, डिस्चार्ज बुकाची संबंधित पानं आणि आलेलं उत्तर.

मराठी पत्राबरोबर हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडा, कारण वाचणारा कारकून दिल्लीत किंवा प्रयागराजला बसलेला असतो. १९७१ च्या लढाईत काय केलं ते दोन पानं लिहिण्याचा मोह होतो. ते अभिमानाचं आहे, पण त्यात मागणी हरवते. आधारची प्रत, बँकेचा पासवर्ड, ओटीपी यांतलं काहीही कुणाला द्यायचं नाही, पत्र नेऊन देणाऱ्या कार्यकर्त्यालाही नाही.

८. संसदेत प्रश्न विचारून घ्यायचा असेल तर?

वैयक्तिक प्रकरण प्रश्नात बसत नाही, सगळ्यांना लागू होणारी माहिती बसते. 'स्पर्शवर हयातीच्या दाखल्याअभावी महाराष्ट्रातल्या किती निवृत्तिवेतनधारकांची पेन्शन थांबली, आणि सुरू व्हायला सरासरी किती दिवस लागले?' हा चांगला प्रश्न. 'माझी का थांबली?' हे पत्राचं काम.

प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि संरक्षण मंत्रालयाची पाळी आठवड्यातून एकदाच येते. म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी मुद्दा खासदारांच्या कार्यालयात पोहोचवा. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत येतात, चिठ्ठ्या टाकून. प्रत्यक्षात त्यातले थोडेच पुकारले जातात. अतारांकित २३० पर्यंत असतात, उत्तर लेखी मिळतं. आकडेवारी हवी असेल तर अतारांकितच मागा, तारांकितच्या हट्टात अधिवेशन निघून जातं. न्यायालयात असलेला विषय आणि गोपनीय माहिती यांवरचे प्रश्न स्वीकारले जात नाहीत.

उत्तरात मंत्र्यांनी 'तपासून बघू' किंवा 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' असं म्हटलं तर ते आश्वासन धरलं जातं. आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते, आणि पूर्ततेला तीन महिने असतात. उत्तराची प्रत जपून ठेवा. सैनिकांच्या ट्रिब्युनलमध्येही (प्रश्न १४) ती कामी येते.

९. वन रँक वन पेन्शन संसदेमुळे मिळाली की कोर्टामुळे?

वन रँक वन पेन्शन (ओआरओपी) म्हणजे सारख्या रँकला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन, निवृत्ती कधीही झालेली असो. श्रेय दोघांनाही थोडं आहे, पण लेखी पाया संसदेत घातला गेला. माजी सैनिकांच्या अर्जावर राज्यसभेच्या याचिका समितीनं डिसेंबर २०११ मध्ये आपला १४२वा अहवाल दिला आणि मागणी उचलून धरली. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंग कोश्यारी, म्हणजे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले तेच. शासन आदेश निघाला तो ७ नोव्हेंबर २०१५ ला, लागू १ जुलै २०१४ पासून. त्या आदेशातली पद्धत आणि समितीला अभिप्रेत असलेली पद्धत सारखी नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १६ मार्च २०२२ ला न्यायालयानं सरकारची पद्धत कायम ठेवली आणि दर पाच वर्षांची फेररचना थकवू नका असं बजावलं. त्याप्रमाणे १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून फेररचना झाल्या.

१०. माझ्या रँकचा, तेवढ्याच सेवेचा माणूस माझ्यापेक्षा जास्त पेन्शन घेतो. हे कसं?

तीन कारणं असू शकतात. पहिलं, पद्धतच सरासरीची आहे. ठरलेल्या वर्षात (२०२४ च्या फेररचनेसाठी २०२३) निवृत्त झालेल्यांची त्या रँकची, त्या सेवाकाळाची किमान आणि कमाल पेन्शन घेऊन मध्य काढतात. ज्याला आधीच मध्यापेक्षा जास्त मिळते त्याची कमी करत नाहीत. म्हणजे थोडा फरक नियमातच आहे.

दुसरं, पीपीओतली नोंद. तक्त्यात ओळ निवडली जाते ती रँक, ग्रुप, अर्हताकारी सेवा आणि पेन्शनचा प्रकार बघून. यातलं एक चुकलं की ओळ चुकते, आणि दर फेररचनेला चूक पुढे सरकते. ओआरओपीला वेगळा अर्ज नसतो, त्यामुळे ही चूक कुणी आपणहून सांगत नाही. पीपीओ आणि डिस्चार्ज बुक शेजारी ठेवून या चार गोष्टी स्वतः जुळवा. फरक दिसला तर रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्तीचा पीपीओ निघायला हवा. बँकेत भांडून काही होत नाही.

तिसरं, स्वतःहून मागून मुदतपूर्व निवृत्ती घेतली असेल आणि ती ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशानंतरची असेल, तर त्या आदेशाप्रमाणे ओआरओपी लागू नाही. शंका असेल तर वाद ट्रिब्युनलचा (प्रश्न १४).

११. हयातीचा दाखला दिला, तरी स्पर्शनं पेन्शन थांबवली. खासदारांना फोन करू का?

आधी दाखल्याची पावती काढून बघा. जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, भरताना सेवा केंद्रातला मुलगा मंजुरी देणाऱ्या आणि पेन्शन वाटणाऱ्या कार्यालयाच्या जागी सवयीनं बँकेचं नाव निवडतो. दाखला बँकेकडे जातो आणि स्पर्शकडे नोंदच होत नाही. मंजुरी देणारं कार्यालय म्हणून 'डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि वाटणारं म्हणून 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' असंच निवडायचं. शहराचं नाव बदललं तरी यादीत जुनंच दिसतं, त्यात गोंधळू नका. पीपीओ क्रमांकही स्पर्शवरचा नवा टाकायचा.

उसाच्या फडात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. त्यासाठी मोबाइलवर चेहरा ओळखून दाखला करण्याची सोय २०२१ पासून आहे. बाकी वेळा नोव्हेंबर महिना धरा. ८० वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, शंभरीला १०० टक्के. जन्मतारीख चुकीची नोंदलेली असेल तर ही वाढ गुपचूप राहून जाते.

१२. मालक वारले. पेन्शन किती मिळेल आणि कशानं अडते?

निवृत्तीनंतर नैसर्गिक मृत्यू असेल तर साधी कुटुंब पेन्शन, शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. मृत्यूनंतर सात वर्षं, किंवा ते ६७ वर्षांचे झाले असते तोवर, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत वाढीव दर ५० टक्के. सेवेत असताना मृत्यू असेल तर वाढीव दर १० वर्षं. किमान पेन्शन महिना ९,००० रुपये अधिक महागाई मदत.

सेवेतल्या मृत्यूत सगळं वर्गवारीवर ठरतं. अ वर्ग, म्हणजे सेवेशी संबंध नसलेला मृत्यू: साधी पेन्शन. ब आणि क, म्हणजे सेवेमुळे आजार किंवा कर्तव्यावर अपघात: विशेष, ६० टक्के. ड आणि इ, म्हणजे दहशतवादी हल्ला, सुरुंग, शत्रूची कारवाई असे प्रकार: उदारीकृत, १०० टक्के. म्हणून चौकशी अहवालाची प्रत मागून घ्या आणि वर्ग कुठला लावलाय ते बघा.

अडतं ते नावामुळे. माहेरचं नाव 'सुशीला', सासरी 'लक्ष्मी', आधारवर 'लक्ष्मीबाई', आणि सैन्याच्या कागदावर तिसरंच काही. मालक हयात असतानाच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून पीपीओत पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे करून घेतली तर काम थोडक्यात होतं. नंतर तेच काम शपथपत्रं, राजपत्रातली जाहिरात आणि हेलपाट्यांवर जातं. हे वाचणारे माजी सैनिक असतील तर त्यांनी आजच पीपीओ काढून बघावा.

१३. पंधरा वर्षं झाली नाहीत, पेन्शन नाही. आम्हाला काहीच नाही का?

आहे. हवालदार आणि त्याखालच्या रँकच्या, पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. नोव्हेंबर २०२५ पासून ती ४,००० वरून ८,००० रुपये झाली. मुलीच्या लग्नाची मदत ५०,००० वरून १ लाख, दोन मुलींपर्यंत, पण अर्ज लग्नानंतर १८० दिवसांत. अर्ज ऑनलाइन, पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. १८१व्या दिवशी पत्रिका घेऊन येणारे दरवर्षी असतात.

१४. आता कोल्हापुरात हायकोर्ट आलं. अपंगत्व पेन्शनची केस इथेच टाकता येईल का?

थेट नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सहा जिल्ह्यांसाठी. पण सैनिकाच्या सेवेच्या आणि पेन्शनच्या वादाचं पहिलं ठिकाण सशस्त्र सेना न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. त्याचा कायदा संसदेनं २००७ मध्ये केला. महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईला. एएफटीच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट चालते, हे सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा कोल्हापूरचा उपयोग आहे, पण दुसऱ्या फेरीत.

मुदत सहा महिन्यांची, अंतिम आदेशापासून. अर्जाला सहा महिने उत्तरच आलं नाही तर ते संपल्यापासून पुढचे सहा महिने. उशीर झाला तरी पेन्शन हा दरमहा होणारा अन्याय मानतात, दार बंद होत नाही. मात्र थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून हे सूत्र आहे. म्हणजे 'बघू पुढच्या वर्षी' म्हटलं की एका वर्षाची थकबाकी गेली.

अपंगत्वाच्या केसमध्ये तीन गोष्टी बघतात: अपंगत्व २० टक्के किंवा जास्त आहे का, सेवेमुळे झालं किंवा वाढलं का, आणि भरती होताना नोंद होती का. भरतीच्या वेळी तंदुरुस्त असेल तर नंतरचा आजार सेवेशी जोडलेला मानायचा, हे २०१३ च्या धर्मवीर सिंग निकालाचं सार. ५० टक्क्यांखालचं ५०, पुढे ७५ आणि १०० असं वर नेण्याचा लाभ २०१४ च्या राम अवतार निकालानं मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यानं जुन्या निकालांच्या आधारावर भावाची केस कॉपी करू नये. वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत लागते (मिळवायची कशी ते प्रश्न १७).

केस एकदा दाखल झाली की संसदेत प्रश्न किंवा याचिका, दोन्ही थांबतात.

१५. मुलगा अजून नोकरीत आहे. त्यानं खासदारांना लिहिलं तर चालेल?

त्यानं लिहू नये. बदली, बढती, रजा यांसाठी बाहेरचं वजन आणणं शिस्तभंगात धरलं जातं. त्याला लष्कर कायद्याच्या कलम २६ खाली (अधिकाऱ्यांना कलम २७) तक्रारीचा हक्क आहे, आणि त्यानंतर एएफटीचा. आई-वडील, पत्नी पत्र देऊ शकतात. पण ते पत्र फिरून त्याच युनिटच्या टेबलावर येतं हे धरून भाषा मवाळ ठेवा. माध्यमांत किंवा समाजमाध्यमांवर व्हिडिओ टाकणं तर अजिबात नको.

१६. सीआरपीएफ, टीए (प्रादेशिक सेना), अग्निवीर: हे माजी सैनिक धरतात का?

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाची. संसदेत त्यांचा विषय गृह समितीपुढे जातो, त्यांना ओआरओपी नाही, आणि एएफटीही त्यांच्यासाठी नाही. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेले एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) आहेत. तिन्ही सेनादलं त्यातून वगळलेली आहेत. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे असलं तरी एएफटीच्या कक्षेत नाही, त्यांना उच्च न्यायालय.

प्रादेशिक सेना हा आपल्याकडचा खास प्रश्न, कारण १०९ बटालियन कोल्हापुरातच आहे. तिथे नाव असणं पुरेसं नाही. प्रत्यक्ष बोलावून घेतलेली सेवा मोजली जाते. त्या सेवेवर पेन्शन मिळालेले, सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक विजेते हे माजी सैनिक धरले जातात. जवानाला पेन्शनसाठी अशी १५ वर्षं भरावी लागतात, म्हणून प्रत्येक वेळी बोलावल्याची आणि सोडल्याची नोंद स्वतःकडे ठेवा.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. ती कायदा करून नव्हे, सरकारी निर्णयानं आली. संसदेत तिच्यावर मतदान झालेलं नाही. चार वर्षांनी सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी, २५ टक्क्यांपर्यंत कायम नेमणूक, ४८ लाखांचा विमा. बाहेर पडणाऱ्यांना पेन्शन, ग्रॅच्युइटी किंवा माजी सैनिकाचा दर्जा योजनेत नाही. हे बदलायचं असेल तर तो अगदी प्रश्न ३ आणि ८ मधल्या मार्गाचा विषय.

१७. ईसीएचएसमध्ये औषधं नाहीत, बिलं अडलीत. हे संसदेपर्यंत जातं का? आणि माहिती अधिकार सैन्याला लागू आहे का?

जातं, आणि दोन वाटांनी. स्थायी समिती दरवर्षी तरतूद पुरेशी आहे का ते विचारते. दुसरी वाट कॅगची, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांची. ईसीएचएसचं स्वतंत्र कामगिरी लेखापरीक्षण कॅगनं २०१५ मध्ये केलं होतं. असे अहवाल लोकलेखा समितीकडे जातात. तिच्यात १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे सदस्य असतात, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. तुमच्या बिलासाठी मात्र एवढं बघा: तातडीनं पॅनेलबाहेरच्या दवाखान्यात दाखल झालात तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवलं का? बिलं बहुतेक तिथेच नाकारली जातात.

माहिती अधिकार तिन्ही दलांना लागू आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. स्वतःची सेवा नोंद, वैद्यकीय मंडळाची कार्यवाही, चौकशीचा निष्कर्ष मागता येतो. 'का?' असं विचारू नका, 'अमुक कागदाची प्रत द्या' असं लिहा. लढाईच्या हालचाली, शस्त्रास्त्रं अशी माहिती कलम ८(१)(अ) खाली नाकारतात, ते योग्यही आहे. राज्याच्या सुरक्षिततेचं कारण देऊन सरकार संसदीय समितीलाही कागद नाकारू शकतं.

१८. आम्ही साठ जणांनी मिळून संसदेला अर्ज करायचं म्हणतोय. कसा करायचा?

याचिका समिती दोन्ही सभागृहांत आहे: लोकसभेची १५ जणांची, राज्यसभेची १० जणांची. विषय सार्वजनिक हिताचा हवा, न्यायालयात किंवा ट्रिब्युनलमध्ये नसावा, राज्याच्या अखत्यारीतला नसावा, आणि कायद्यात दुसरा उपाय उपलब्ध नसावा. या शेवटच्या अटीवर बरेच अर्ज गळतात. म्हणून आधी कुठे दाद मागितली आणि नियमातच तरतूद नाही हे कसं कळलं, ते दोन वाक्यांत लिहा. अर्ज मराठीत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर, सहीसह. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता. खासदारामार्फत सादर होणार असेल तर त्यांची प्रतिस्वाक्षरी. भाषा सभ्य. अंगठा असेल तर साक्षीदार.

१९. समितीला दिलेलं निवेदन आम्ही ग्रुपवर टाकलं. काही अडचण?

हो. संसदीय समितीनं जाहिरात देऊन सूचना मागवल्या आणि तुम्ही निवेदन दिलं, की ते समितीचा कागद होतं. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत तो बाहेर फोडणं हक्कभंग ठरू शकतं. साक्षीला बोलावलं तर आत काय विचारलं तेही बाहेर सांगायचं नाही. टाकलेलं काढून टाका. एरवी खासदारांना दिलेलं साधं पत्र तुमचंच असतं, ते कुणालाही दाखवा.